न डागलेलं पोट

कर्जतच्या सरकारी दवाखान्यात माझी नेमणूक झाली तेव्हा मोठी लढाई संपून चार-पाच वर्षं झाली होती आणि माझ्या डोक्यात हवा होती. परीक्षेत वरचा नंबर, मुंबईच्या इस्पितळात दोन वर्षांची उमेदवारी, आणि आता एका अख्ख्या मुलखाच्या पोटांचा मी मुखत्यार. खालापुराकडची माणसंही बैलगाडी जुंपून माझ्याचकडे येत. पोटांचा म्हणतो ते थट्टेनं नाही. भाद्रपद सरला की त्या भागात भाताच्या आधी हिवतापाचं पीक यायचं आणि घरटी एखाद-दुसरं मूल डाव्या बरगडीखाली पानथरी घेऊन फिरायचं. पानथरी म्हणजे प्लीहा. तापानं ती सुजते, घट्ट होते आणि पोट पुढं येतं. हातापायांच्या काड्या आणि पोटाचा माठ झालेली अशी मुलं सकाळी दवाखान्याच्या ओट्यावर ओळीनं बसलेली असत.

तपासायची माझी एक पद्धत ठरून गेली होती. मूल आईच्या मांडीवर, माझा डावा हात त्याच्या पोटावर आणि उजव्या हातात टाक. डाव्या बोटांना गोळा लागला की उजवा हात लिहायला लागे. तापावर पोटात घ्यायला कोयनेल, रक्तासाठी लोहाचं मिश्रण आणि गोळ्यावर चोळायला लाल मलम. मूल मांडीवरून उतरायच्या आत चिठ्ठी कंपौंडरच्या खिडकीत पोचायची. कंपौंडर म्हणायचा, "साहेबांचा हात म्हणजे सोनाराचा काटा." तो तोंडदेखलं बोलतो हे मला कळायचं, तरी ऐकायला बरं वाटायचं.

माझं डोकं फिरायचं ते एका गोष्टीनं. लोक पानथरीला डाग देत. विळ्याचं टोक निखाऱ्यात लाल करायचं आणि पोराच्या पोटावर गोळ्याच्या जागी टेकवायचं. कुणी बिब्बा तापवून चटका देई. ओट्यावरच्या बहुतेक पोटांवर असे डाग असायचे, काही वाळलेले, काही पू धरलेले. ते पाहिले की माझी तळपायाची आग मस्तकात जायची. आयांना मी वाट्टेल ते बोललो आहे. एका बापाला सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "तुझ्याच पोटावर देतो एक, मग सांग गुण येतो का." बाप मान खाली घालून उभा राहिला. पुढच्या खेपेला तो आलाच नाही, आणि मला वाटलं, बरं झालं, पीडा गेली.

ती मुलगी आली आश्विनात, नवरात्र उलटून गेल्यावर. आई कडावकडच्या एका गावातली, शेतकऱ्याघरची, तिशीच्या आतली. नवरा रेल्वेत गँगमन होता, घाटात ठाकुरवाडीच्या बाजूला रुळांवर कामाला, आठवड्याला एकदा घरी यायचा. मुलगी तीन वर्षांची, गालावर मांस असलेली, हसरी. ओट्यावरच्या बाकीच्या मुलांत ती चुकून येऊन बसल्यासारखी दिसत होती. हिवतापानं पोखरलेलं मूल असं दिसत नाही. हे मला तेव्हा दिसलं असतं तर पुढचं काही लिहावं लागलं नसतं.

"ताप कधीपासून आहे गं?" मी विचारलं.

"ताप नाय आला, सायेब."

"येऊन गेला असेल. रात्री येतो, तुम्ही झोपलेल्या असता."

"नाय ओ. नुसता गोळा हाय. न्हाऊ घालताना हाताला लागला."

माझा डावा हात पोटावर गेला. डावीकडे गोळा होता, टणक, मुठीपेक्षा मोठा. उजवा हात लिहू लागला. मग माझं लक्ष त्या पोटाच्या कातडीकडे गेलं. ती स्वच्छ होती. एकही डाग नाही. मी टाक उंच धरून ओट्यावरच्या सगळ्या आयांना ऐकू जाईल असं म्हटलं, "बघा, ही एक शहाणी बाई आहे. हिनं पोराला भाजून काढलेलं नाही. जरा शिका हिच्याकडून."

ती बाई लाजली. मग म्हणाली, "पन सायेब, ती वाडीवरची म्हातारी..."

"म्हातारीचं मला काही सांगू नकोस," मी म्हटलं. "मी सांगतो ते कर. हे मलम सकाळ-संध्याकाळ गोळ्यावर चोळायचं. वरवर नाही, चांगलं रगडून. आतला गोळा विरघळायला पाहिजे. चोळशील ना?"

"चोळीन," ती म्हणाली.

आणि तिनं चोळलं. दर पंधरा दिवसांनी ती चालत यायची आणि मलमाची डबी रिकामी असायची. इतर आया डबी कोनाड्यात ठेवून विसरत, हिची बोटानं पुसून घेतलेली असे. मला तिचं कौतुक वाटे. चारचौघांत शहाणी म्हटलेली बाई शहाणपणाला जागत होती. थंडी पडली, डास कमी झाले, ओट्यावरच्या मुलांच्या पानथऱ्या कोयनेलनं उतरू लागल्या. हिचा गोळा उतरेना. मी कोयनेल वाढवलं. गोळा बेंबीच्या पलीकडे आला. मी मलमही वाढवून दिलं.

मार्गशीर्ष संपत आला तेव्हा एका सकाळी तिनं मुलीला मांडीवर घेतलं नाही. आधी पदराची गाठ सोडली आणि एक फडकं काढून माझ्यापुढे धरलं. त्यावर तांबूस डाग वाळले होते.

"लघवीतनं जातंय, सायेब. तीन दिस झालं."

त्या दिवशी मी टाक खाली ठेवला. मुलीला टेबलावर निजवलं आणि पहिल्यांदा दोन्ही हातांनी पोट पाहिलं. एक तळवा तिच्या कमरेखाली, पाठीशी, आणि दुसरा वर. खालच्या हातानं जरा उचललं तर गोळा वरच्या हातात आला. पानथरी अशी येत नाही. पानथरी बरगडीखालून उतरते, तिला पुढे धार असते, धारेला खाच असते, मुलानं श्वास घेतला की ती खाली सरकते. ह्या गोळ्याला धार नव्हती, खाच नव्हती, श्वासाशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. बरगडी आणि गोळा ह्यांच्यामध्ये माझी बोटं सहज शिरली. इतके दिवस ती शिरली असती. मुलीला गुदगुल्या झाल्या आणि ती हसली.

मूत्रपिंडाची गाठ. लहान मुलांत क्वचित होते, असं पुस्तकात दोन परिच्छेदांत लिहिलेलं होतं. दोन वर्षांच्या उमेदवारीत मी ती एकदाच पाहिली होती, तीही काचेच्या बरणीत. क्वचित होते म्हणून मला ओळखता आली नाही, असं पुढं मी वरिष्ठांना लिहिलं, आणि त्यांनी ते मान्य केलं. ते खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. मी ओळखायला बसलोच नव्हतो.

आईला मी सांगितलं की मुंबईला न्यावं लागेल, पोट उघडून गोळा काढावा लागेल. तिनं फडकं पुन्हा पदराच्या गाठीत बांधलं.

"मग आता कोयनेल नको?"

"नको."

"आन् मलम?"

"मलमही नको. त्या जागी आता हात लावू नकोस."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, घाबरली. माझ्या तोंडून ते पहिल्यांदाच निघत होतं, पण तिच्या कानावर दुसऱ्यांदा पडत होतं, हे मला दोन दिवसांनी गाडीत कळलं.

मी रजा काढून बरोबर गेलो. नवऱ्याला रेल्वेचा पास होता. मुलगी कधी गाडीत बसली नव्हती. नेरळ आलं तेव्हा तिनं विचारलं, "हीच मुंबई?" मग प्रत्येक स्टेशनाला तिनं तेच विचारलं आणि बापानं प्रत्येक वेळी, "नाय गं, अजून लांब हाय," म्हणून सांगितलं. तो फार थोडं बोलणारा माणूस होता, पण ह्या उत्तराला कंटाळला नाही. मला शांतता सोसवेना. मी आईला म्हटलं, "एक बरं झालं, तू हिला डाग दिला नाहीस."

"डागायला न्हेली होती, सायेब," ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं. डोंगरावर ठाकर लोकांच्या एका वाडीत एक म्हातारी होती. पंचक्रोशीतल्या पोरांना तीच डाग द्यायची. ही सासूला घेऊन तिच्याकडे गेली होती. म्हातारीनं विळा निखाऱ्यात घातला, पोरीला पुढ्यात घेतलं, डोळे मिटले आणि दोन्ही हातांनी पोट चाचपत बसली. मग पाठ चाचपली. परत पोट. विळा लाल होऊन गेला तरी तिचं चाललंच होतं. शेवटी तिनं विळा उचलला आणि पाण्यात बुडवला. म्हणाली, ही पानथरी नाही. काय आहे ते मला कळत नाही आणि जे कळत नाही ते मी भाजत नाही. तिला दाबू नका, चोळू नका, हात लावू नका. दवाखान्यात न्या, तिथल्यांना कळेल.

"मग हे मला का नाही सांगितलंस?"

"सांगत होते," ती म्हणाली, आणि खिडकीकडे वळली.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं लहानपणी घोकलं होतं. त्या म्हातारीनं आयुष्यात एक पुस्तक पाहिलं नव्हतं. मला हे कळत नाही, एवढं म्हणण्याची अक्कल तिला होती. मला नव्हती. तिथून मुंबईपर्यंत मला दुसरं काही सुचलं नाही.

इस्पितळातले सर्जन वयस्क पारशी गृहस्थ होते, हाताला फार हलके. त्यांनी मुलीला तपासलं आणि गोळ्यावरची कातडी पाहून थांबले. लाल मलम जहाल असतं. अडीच महिने चोळून तिथली कातडी काळपट, जाड होऊन सोलली होती.

"हे पोट कोणी चोळलं?" त्यांनी मराठीत विचारलं.

"मी," आई म्हणाली.

"असं करायचं नसतं, बाई. अशी गाठ रगडली तर आतून फुटते. त्याचे कण रक्तात जातात, दुसरीकडे रुजतात. कोणी सांगितलं तुला?"

ती काही बोलली नाही. तिचा नवरा तिच्याकडे पाहत होता. मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो, टोपी हातात घेऊन. ‘मी सांगितलं’, एवढे दोनच शब्द होते. ते माझ्या तोंडापर्यंत आले. मला वाटलं, आत्ता नको, शस्त्रक्रियेआधी ह्या आई-बापाचा आपल्यावरचा विश्वास उडायला नको. माणूस स्वतःसाठी कारणं किती लगबगीनं शोधतो हे मी त्या खाटेपाशी शिकलो. सर्जन मान हलवून पुढच्या खाटेकडे गेले.

शस्त्रक्रियेच्या वेळी त्यांनी मला जवळ उभं राहू दिलं. क्लोरोफॉर्म दिला तशी मुलगी एकदा "आई" म्हणाली आणि मग गप्प झाली. गाठ सोललेल्या नारळाएवढी होती. काढताना एका जागी तिचं आवरण फाटलेलं निघालं आणि आतला करडा, मऊ भाग पोटात सांडला. सर्जननी तो कापसानं पुन्हा पुन्हा टिपला. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. चोळल्यामुळेच आवरण फाटलं असं छातीठोकपणे कोणी सांगणार नाही. अशा गाठी आपसूकही फाटतात, असं मी नंतर वाचलं. कितीदा वाचलं ते विचारू नका.

मुलगी जगली. टाके सुकले, ज्वर आला नाही, आणि माघात ती घरी आली. फाल्गुनात मी तिच्या गावी गेलो तेव्हा ती अंगणात कोंबडीच्या मागे धावत होती. पोट सपाट होतं. आजीनं मला तांदळाची भाकरी आणि वालाची उसळ वाढली. देव पावला, असं मी त्या दिवशी मनापासून म्हणालो. चूक झाली ती झाली, पण निभावलं, असं मला वाटलं. ते दोन शब्द सांगायची आता गरज नाही, असंही वाटलं.

तिथून मी डोंगर चढून त्या म्हातारीकडे गेलो. तिच्या झोपडीपुढे एक बाई पोर घेऊन बसली होती, त्याचं पोट पुढं आलेलं. मी म्हटलं, मला दाखवा तुम्ही कसं बघता. म्हातारी हसली, मग माझा हात धरून तिनं त्या पोटावर ठेवला आणि स्वतःचा हात वर ठेवला. मी बोलू लागलो तर तिनं मला गप्प केलं. बराच वेळ आम्ही तसेच बसलो. मला धार लागली, खाच लागली, श्वासाबरोबर गोळा खाली येऊन माझ्या बोटांना टेकला. शेकडो पोटं पाहूनही इतका वेळ मी कुठल्याच पोटावर हात ठेवला नव्हता. निघताना मी तिला म्हटलं, ह्याला डाग देऊ नका, माझ्याकडे पाठवा. तिनं ते पोर माझ्याबरोबर धाडलं.

चैत्रात मुलीला खोकला लागला. आई तिला घेऊन आली तेव्हा मी छातीला कान लावला. उजवीकडे खाली श्वासाचा आवाजच नव्हता. दुसऱ्या आठवड्यात डावीकडेही तसंच. बापानं विचारलं, "परत कापून काडता नाय येनार?" मी नाही म्हणालो. मुंबईला सर्जनना पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर एका ओळीचं होतं, मुलीला घरी ठेवा आणि दुखू देऊ नका. मी खोकल्याचं औषध दिलं, अफूचा अर्क घातलेलं. तेवढंच माझ्या हातात होतं. शेवटच्या दिवसांत तिला आडवं होता येईना. आई तिला छातीशी उभी धरून बसायची, रात्र नाही, दिवस नाही. वैशाखातल्या एका दुपारी तशीच आईच्या छातीशी मुलगी गेली.

मी मोठा डॉक्टर नव्हतो, पण मुलं जाताना मी पुष्कळ पाहिली होती. हिच्यासाठी मी रडलो, दवाखान्याच्या मागच्या खोलीत, दार लावून.

पंधरा-वीस दिवसांनी कंपौंडरनं बोलता बोलता सांगितलं की त्या गावात लोक आईला नावं ठेवतात. सर्जनचं बोलणं नवऱ्यानं घरी सांगितलं होतं. पोट चोळून चोळून पोर मारली, असं सासू विहिरीवर बोलते. नवरा शनिवारी घरी येतो तो तिच्याशी बोलत नाही. "आणि ती काय म्हणते?" मी विचारलं. "काही नाही म्हणत, साहेब. ऐकून घेते."

दुसऱ्या दिवशी मी कडावला गेलो आणि तिथून पायी तिच्या गावी. ती शेतात होती, भाताच्या रोपासाठी राब भाजायचा होता तिथं, जमिनीवर पालापाचोळा आणि शेण पसरत होती. एकटीच होती. मला पाहून तिनं पदर नीट केला आणि उभी राहिली. तिचे हात कोपरापर्यंत शेणानं भरलेले होते.

मी म्हटलं, "तुला चोळायला मी सांगितलं होतं. इस्पितळात ते मी बोलायला हवं होतं, बोललो नाही. चूक माझी आहे, तुझी नाही. आज शनिवार आहे, तुझा नवरा येईल. त्याच्यासमोर, तुझ्या सासूसमोर मी हे सांगतो. मग जातो."

तिनं ऐकून घेतलं. रागावली नाही, रडलीही नाही.

"सांगा," ती म्हणाली. "त्यांना बरं वाटंल. पन सायेब, म्हातारीनं चोळू नको म्हनून सांगितलं होतं, ते तुमाला नाय, मला सांगितलं होतं."

"तू माझ्यावर भरवसा ठेवलास."

"पोर बी म्हनायची. डबी काडली की कोपऱ्यात जाऊन बसायची. आई नको, दुकतं, म्हनायची. मी तिला वडून आनायची." ती जरा थांबली. "दोघी नको म्हनत होत्या, सायेब. मी तुमचं ऐकलं."

मी संध्याकाळपर्यंत थांबलो आणि तिच्या घरच्यांसमोर सगळं सांगितलं. सासू तोंडाला पदर लावून आत गेली. नवरा म्हणाला, "बरं." निघताना मी बाईला म्हटलं, "येतो." ती चुलीपुढे होती. "या," ती म्हणाली.